दिवाळीनंतरची आवराआवर: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

सण संपल्यावर घर आवरताना येणाऱ्या अडचणी कळवाव्यात, असे आवाहन गेल्या अंकात केले होते. आलेल्या पत्रांतली बरीचशी दोन-चार विषयांभोवतीच फिरतात. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून लांबलेल्या प्रश्नांचा येथे सारांश दिला आहे. नावे न छापण्याची अनेकांची विनंती होती, म्हणून फक्त गावे दिली आहेत.

प्रश्न (डोंबिवली): दिवाळीआधी पंधरा दिवस आम्ही घर धुऊन-पुसून काढले, माळा रिकामा केला, झाडून सगळे डबे घासले. आता तुळशीचे लग्न होऊन आठवडा उलटला, तर घर दिवाळीआधी होते त्यापेक्षा जास्त भरलेले दिसते आहे. दोन खोल्यांत आम्ही पाच माणसे राहतो. आमचे नेमके काय चुकते?

उत्तर: कष्टांत आपण कुठेच कमी पडलेला नाहीत. फक्त साफसफाई आणि आवरणे ही दोन वेगळी कामे आपण एकाच पंधरवड्यात उरकू पाहता. दिवाळीआधी घरोघर जे चालते ती साफसफाई असते. जळमटे काढणे, पंख्याची पाती पुसणे, पडदे धुणे, डबे घासून उन्हात पालथे घालणे या कामांना हात लागतात, पण डोके फारसे लागत नाही. त्यातच चकलीची भाजणी दळून आणायची असते, मुलांचे कपडे घ्यायचे असतात आणि पाहुण्यांचे फोन येत असतात. अशा घाईत माळ्यावरून उतरवलेल्या वस्तूचे पुढे काय करायचे, हे ठरवण्याएवढी सवड कोणालाच नसते. म्हणून ती वस्तू फडक्याने पुसली जाते आणि होती तिथेच, किंवा होती त्याच्या जरा मागे, पुन्हा सरकवली जाते. घर स्वच्छ होते, पण वस्तू होत्या तेवढ्याच राहतात. त्यानंतरच्या आठ दिवसांत त्यात फराळाचे परक्यांचे डबे, सुक्यामेव्याची खोकी, भाऊबिजेच्या ओवाळणीतल्या वस्तू, नवे कपडे, उरलेल्या पणत्या आणि अर्धवट वापरलेली रांगोळीची पाकिटे यांची भर पडते.

म्हणून माझे मत असे आहे की धूळ दिवाळीआधी काढावी, पण निवडानिवड दिवाळीनंतर करावी. त्याला एक सरळ कारण आहे. वर्षभरात सर्वांत जास्त पाहुणे, सर्वांत मोठा स्वयंपाक आणि सर्वांत जास्त थाटमाट या आठवड्यात होतो. जे मोठे पातेले, जो काचेचा सेट, जी जास्तीची चादर याही आठवड्यात खाली उतरली नाही, ती पुढच्या अकरा महिन्यांत उतरण्याची शक्यता फारच थोडी असते. दिवाळीआधी आपण अंदाज करत असतो की ‘हे लागेल’. दिवाळीनंतर ते लागले की नाही, हे आपल्याला ठाऊक असते. गौरीचे मुखवटे, रेनकोट, कुरडयांचा साचा, लोकरीची शाल अशा स्वतःचा हंगाम असलेल्या वस्तूंना हा नियम अर्थातच लागू नाही.

दुसरे कारण हवेचे आहे. पावसाळ्यात लाकडी कपाटांत आणि माळ्यावर शिरलेली ओल ऑक्टोबरच्या उन्हाने बरीच कमी होते आणि कार्तिक-मार्गशीर्षात हवा कोरडी असते. गाद्या, लोकरीचे कपडे, कागद, पुस्तके उन्हात घालून मग बंद करायला याहून चांगले दिवस नाहीत. दमट वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर टाकल्या, तर पुढच्या वर्षी पिशवी उघडताना बुरशीचाच वास येतो.

पाच माणसांच्या घरात हे काम एका दिवसात होत नाही आणि तसा हट्टही धरू नये. एका रविवारी एकच जागा घ्यावी, म्हणजे ओट्याखालचे एक कपाट किंवा माळ्याचा एक कोपरा. तिथले सगळे खाली काढावे आणि प्रत्येक वस्तूबद्दल ती वापरणाऱ्या माणसानेच ठरवावे. आईने मुलाच्या वह्या आणि मुलाने आईची भांडी निवडायला घेतली की घरात भांडणाखेरीज काही निष्पन्न होत नाही. माझ्याच घरी माळ्यावर ‘कामाच्या वस्तू’ असे लिहिलेले एक खोके होते. दोन घरे बदलली, दोन्ही वेळा ते टेम्पोतून आमच्याबरोबर आले. अखेरीस उघडले तेव्हा त्यात परकराच्या नाड्यांचे गुंडाळे, कधीच भंगारात गेलेल्या मिक्सरचे झाकण आणि सात किल्ल्या निघाल्या. त्यांतली एकही किल्ली घरातल्या कोणत्याच कुलुपाला लागत नव्हती. ते खोके आम्ही इतकी वर्षे वाहिले, कारण ते उघडून ठरवण्याचा कंटाळा होता. आपल्या माळ्यावरही असे एखादे खोके असेल, तर या रविवारी सुरुवात त्याच्यापासून करावी.

प्रश्न (पुणे): आकाशकंदील, विजेच्या माळा, पणत्या, रांगोळ्या आणि मुलांच्या किल्ल्यावरचे मावळे हे सगळे दरवर्षी एका पिशवीत कोंबले जाते आणि पुढच्या वर्षी त्यातले निम्मे निकामी निघते. नीट ठेवण्याची काही पद्धत आहे का?

उत्तर: आहे, आणि ती वस्तू उतरवण्याच्या क्षणीच सुरू होते. अनेक घरांत तुळशीच्या लग्नापर्यंत किंवा त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत कंदील लावून ठेवतात. उतरवण्याचा दिवस आला की प्रत्येक माळ उतरवण्यापूर्वी एकदा लावून पाहावी. जी पेटत नाही ती तिथेच बाजूला काढावी, कारण ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून ठेवलेली बंद माळ पुढच्या वर्षीही बंदच असते. जी पेटते तिच्यासाठी एखाद्या खोक्याचा वहीएवढा पुठ्ठा कापून घ्यावा आणि त्याच्या दोन टोकांना कात्रीने खाच पाडावी. माळेचे शेवटचे टोक एका खाचेत अडकवून माळ सैलसर गुंडाळत यावे आणि पिन सर्वांत शेवटी, वरच्या बाजूला येईल असे पाहावे. पुढच्या वर्षी पिन आधी हाताला लागते, माळ न उलगडताच तपासता येते आणि शिडीवर उभे राहून गाठी सोडवाव्या लागत नाहीत. पुठ्ठ्यावर ‘गॅलरी, लांब’ किंवा ‘देवघर, छोटी’ असे दोन शब्द पेनाने लिहावेत.

सेलवर चालणाऱ्या दिव्यांतले सेल मात्र आठवणीने काढावेत. मी एकदा डझनभर मेणबत्तीसारखे दिवे सेलसकट ठेवून दिले होते. वर्षाने डबा उघडला तर सेल पाझरून पांढरट पूड जमली होती आणि पत्र्याच्या पट्ट्या गंजल्या होत्या. अशी पूड आढळली तर उघड्या हाताने खरवडू नये. हातमोजे घालून, लिंबाच्या रसात किंचित भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसावी आणि दिवा पूर्ण वाळू द्यावा. निकामी सेल आणि बंद पडलेल्या माळा रोजच्या ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नयेत, त्या ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रावर द्याव्यात. पुण्यात कचरा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ साली स्थापन झाली आणि तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली. आपल्या दारी रोज येणाऱ्या ‘स्वच्छ’च्या ताईंना विचारले, तर अशा वस्तू कुठे आणि कधी घेतात हे त्या सांगू शकतील. सुका कचरा वेगळा आणि कोरडा दिला की त्यांना तो विकता येतो, ही गोष्ट मिठाईची तुपकट खोकी देताना लक्षात ठेवावी.

बांबू आणि कागदाचा कंदील कागद फाटला म्हणून टाकू नये. सांगाडा शाबूत असेल तर कागद सोलून सांगाडाच ठेवावा आणि पुढच्या वर्षी मुलांकडून नवा कागद चिकटवून घ्यावा. थर्माकोलची सजावट घरात शिल्लक असेल, तर ती पुन्हा जपण्यात अर्थ नाही. राज्यात २०१८ पासून आणि देशभर १ जुलै २०२२ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, तेव्हा तिची जागा दुसऱ्या कशाला तरी देता येईल.

मातीच्या पणत्या गरम पाण्यात थोडा साबण घालून तासभर बुडवाव्यात, जुन्या टूथब्रशने घासाव्यात आणि दोन दिवस कडक उन्हात वाळवाव्यात. तेलकट राहिलेली पणती वर्षभरात खवट वास धरते आणि तिच्यावर झुरळे येतात. फुटक्या पणत्यांचे तुकडे कुंडीच्या तळाला, पाणी निचरून जाण्याच्या भोकावर ठेवायला उत्तम. रांगोळी म्हणजे दगडाचीच भुकटी असल्याने ती खराब होत नाही, पण रंग एकमेकांत मिसळले की त्या राखाडी मिश्रणाचे काही करता येत नाही. म्हणून पाकिटे तशीच न ठेवता लहान बरण्यांत भरावीत. अंगणातली किंवा जिन्यातली रांगोळी झाडून केरात टाकावी, मोरीत धुऊन लावू नये. ती पाण्यात विरघळत नाही, नळीच्या वळणात साचते आणि चार महिन्यांनी प्लंबरला बोलवावे लागते.

किल्ल्याची माती चाळून कुंड्यांत परत घालावी. मावळ्यांसाठी बुटांचे खोके पुरते. प्रत्येकाला जुन्या वर्तमानपत्राच्या चतकोर तुकड्यात गुंडाळावे, तोफा तळाशी आणि महाराजांचे सिंहासन सर्वांत वर ठेवावे. हे काम मुलांनाच द्यावे. कोणत्या मावळ्याचा हात मोडला आहे हे त्यांना पाठ असते आणि तो टाकून द्यायचा की जखमी म्हणून बुरुजाखाली बसवायचा, याबद्दलची त्यांची मते ठाम असतात.

प्रश्न (नाशिक): भेटवस्तूंचे काय करावे? या वर्षी सुक्यामेव्याचे सहा ट्रे, दोन भिंतीवरची घड्याळे, एक कपबश्यांचा सेट आणि हळदीकुंकवांतून जमलेले वीसेक ब्लाउजपीस घरात आहेत. कोणी प्रेमाने दिलेले दुसऱ्याला देणे बरे दिसते का?

उत्तर: ब्लाउजपीसबद्दल तरी मनात कसलीही अढी ठेवू नये. ओटीत मिळालेला पीस पुढच्या ओटीत जातो, हे देणारी आणि घेणारी दोघीही जाणतात. माझ्याकडे एक शेवाळी रंगाचा पीस तीन घरे फिरून परत आला होता. कडेला मी स्वतः लावलेल्या टाचणीवरून मला तो ओळखू आला. एवढेच पाहावे की आपण ज्यांच्याकडून पीस घेतला त्यांनाच, किंवा त्यांच्या जावेला, तो जाऊ नये. त्यासाठी पिसाच्या घडीत नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवावी आणि देताना ती काढायला विसरू नये. वीसांतले ज्या कापडाचे खरोखर ब्लाउज शिवता येईल असे पाच-सहा निवडून ठेवावेत. मकरसंक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या हळदीकुंकवांत बाकीचे आपोआप मार्गी लागतील. अगदी जाळीदार, पातळ पिसांची ओटी पुढे ढकलण्यापेक्षा त्यांच्या भाजी ठेवायच्या पिशव्या शिवाव्यात.

घड्याळे आणि कपबश्या ज्यांना लागतील त्यांना, न वापरलेल्या स्थितीत आणि याच महिन्यात द्याव्यात. घरकामाला येणाऱ्या ताईंना द्यायचे असेल तर आधी विचारावे. त्यांच्या दहा बाय दहाच्या खोलीतही आपल्यासारखीच दोन घड्याळे या दिवाळीत आलेली असू शकतात. आपला नकोसा पसारा दुसऱ्याच्या घरी हलवणे म्हणजे दान, असा एक समज आपल्याकडे आहे, तो मला पटत नाही. ट्रे आणि मखमली खोकी यांचा मोह टाळावा. एखादा ट्रे शिवणाच्या रिळांसाठी ठेवावा, बाकीच्यांतले प्लॅस्टिक आणि पुठ्ठा वेगळा करून सुक्या कचऱ्यात द्यावा.

प्रश्न (मिरज): माझे वय ७१ आहे. माझ्या सासूबाईंपासूनची पितळी भांडी घरात आहेत: घंगाळ, दोन कळश्या, बंब, पाच पातेली. दिवाळीसाठी घासायला काढली तेव्हा सूनबाई म्हणाल्या की यांतले काहीच वापरात नाही, मोडीत घालून पैसे घेऊ. सून वाईट नाही, घर तीच चालवते. पण माझे मन होत नाही. आपला सल्ला काय?

उत्तर: आपले पत्र वाचताना मला आपल्या सूनबाईंचीही बाजू दिसत होती आणि ती आपणच इतक्या सरळपणे लिहिली आहे की निम्मे काम झालेले आहे. घर चालवणाऱ्या बाईच्या दृष्टीने पितळेचे भांडे म्हणजे दर सणाला चिंच लावून घासायचे एक जास्तीचे काम असते. आपल्या दृष्टीने ते सासूबाईंच्या हातचे असते. दोघींचेही खरे असल्याने नऊही भांडी ठेवणे किंवा नऊही मोडीत घालणे, हे दोन्ही पर्याय मी सुचवणार नाही.

आधी प्रत्येक भांड्याच्या कडेवर किंवा बुडाशी नाव घातलेले आहे का, ते पाहावे. पूर्वी लग्नात-मुंजीत दिलेल्या भांड्यांवर देणाऱ्याचे नाव, प्रसंग आणि कधी कधी तारीखही ठोकून घालत असत. एखाद्या पातेल्यावर आपल्या सासूबाईंच्या लग्नाची तारीख सापडली, तर ते भांडे घरातच राहावे, याबद्दल सूनबाईंचेही दुमत होईल असे वाटत नाही. त्यानंतर वापराचा विचार करावा. पातेल्यांना पुन्हा कल्हई लावून घेता आली तर एखादे रोजच्या स्वयंपाकात येऊ शकते. कल्हई म्हणजे भांडे तापवून, नवसागर टाकून आतून लावलेला कथलाचा पातळ थर. तो गेलेल्या पितळेत ताक, चिंचेची आमटी किंवा टोमॅटोचे सार ठेवले की पदार्थ कळकतो आणि तो खाण्यात येऊ नये. कल्हईवाले आता दारावर क्वचितच येतात, पण सांगली-मिरजेच्या जुन्या भांडेबाजारात विचारले तर पत्ता लागावा. कल्हई लावणे जमणार नसेल तर घंगाळात पाणी घालून त्यात फुले सोडता येतात, कळशीत कोरडे धान्य ठेवता येते आणि या दोन्हींना कल्हई लागत नाही.

बंबाबद्दल मात्र मी सूनबाईंच्या बाजूने आहे. गॅस आणि गीझरच्या घरात तो पुन्हा पेटणार नाही, तो गॅलरीची मोठी जागा अडवतो आणि त्याच्या नळीत पाली राहतात. आपल्या भाच्या-पुतण्यांत कोणाचे गावाकडे अंगण असेल तर त्यांना विचारावे, नाहीतर मोडीत द्यावा. मोडीत घालताना वजन आपल्या समोर करून घ्यावे आणि आधी आतली राख व लोखंडी जाळी काढावी, म्हणजे पितळेचा दर लोखंडाला लावला जातो आहे की लोखंडाचा पितळेला, हा वाद उरत नाही. त्या पैशांचे काय करायचे, हे मात्र आपण ठरवावे आणि तसे आधीच सांगून ठेवावे.

प्रश्न (नागपूर): उरलेला फराळ आणि तळणीचे तेल किती दिवस ठेवावे?

उत्तर: तळलेले पदार्थ नासण्याआधी खवट होतात. डबा उघडताच जुन्या तेलाचा वास आला की चकली-शेव खाऊ नये, ती मिक्सरमधून काढून थालीपिठात खपवण्याचाही प्रयत्न करू नये. ओल्या नारळाच्या करंज्या आणि खव्याची मिठाई फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांतच संपवावी. सुट्या मिठाईच्या ट्रेवर ती कधीपर्यंत खावी ती तारीख लिहिणे दुकानदारांवर १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक आहे. पण भेट म्हणून आलेल्या खोक्यावर ती तारीख नसते, म्हणून खोके आले त्याच दिवशी त्यावर तारीख घालावी. तेल गाळून, झाकून, लवकर फोडणीला संपवावे. ते काळपट, चिकट झाले असेल किंवा तापवताना फेसाळत असेल तर टाकून द्यावे, मात्र सिंकमध्ये ओतू नये. थंड तेल जुन्या वर्तमानपत्रात शोषून घेऊन मग टाकावे. शेजाऱ्यांचे डबे परत करताना ते रिकामे देऊ नयेत हा आपला रिवाज आहे, पण त्यात आपला खवट झालेला चिवडा भरून देऊ नये, एवढे पथ्य पाळावे.

प्रश्न (चिंचवड): मार्चमध्ये आई गेली. या वर्षी आम्ही दिवाळी केली नाही, फराळही नातेवाइकांनीच आणून दिला. आईचे कपाट अजून तसेच आहे, साठ-सत्तर साड्या आहेत. वडील म्हणतात, तुम्हाला काय करायचे ते करा. कपाट उघडले की माझ्याने काही होत नाही. किती दिवसांत हे आवरायला हवे?

उत्तर: याला मुदत नाही. पहिली दिवाळी सुनी गेल्यानंतर लगेच कपाट रिकामे केलेच पाहिजे, असे कोणी म्हणत असेल तर ते ऐकू नये. पण बंद कपाटात साड्या पावसाळा काढू शकत नाहीत, म्हणून या महिन्यात एक काम तेवढे करावे. साड्या बाहेर काढून सावलीत वाऱ्यावर टाकाव्यात, घड्या बदलाव्यात आणि पुन्हा ठेवाव्यात. पैठणीसारखी जरीची साडी वर्षानुवर्षे एकाच घडीवर राहिली की जर घडीवरच तुटते. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत न ठेवता धुतलेल्या मलमलीत किंवा जुन्या सुती धोतराच्या तुकड्यात गुंडाळावी आणि डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नयेत. घड्या बदलताना कोणती साडी कोणाच्या लग्नातली, कोणती मंगळागौरीची, हे वडिलांना विचारावे. ‘तुम्हाला काय करायचे ते करा’ म्हणणारी माणसे अशा वेळी पुष्कळदा बोलू लागतात.

आवरायची वेळ येईल तेव्हा साड्या आपोआप वेगळ्या होतील. भरजरी दोन-चार घरातल्या मुली-सुना नेतील. नेसून मऊ झालेल्या सुती साड्या मात्र कोणाला देऊ नयेत, त्यांची गोधडी शिवून घ्यावी. एका माणसाच्या गोधडीला साधारण चार-पाच साड्या लागतात. वरच्या बाजूला आईची सर्वांत आवडती घ्यावी आणि काठ कापून न टाकता गोधडीच्या कडेला लावून घ्यावेत. अजूनही अनेक गावांत आणि शहरांतही हाताने धावदोरा घालून गोधडी शिवणाऱ्या बायका आहेत, त्यांना नक्षीपेक्षा टाके बारीक घालायला सांगावे. घरात लहान बाळ असेल किंवा येणार असेल, तर डांबरगोळ्यांत राहिलेल्या कापडाची दुपटी त्याला वापरू नयेत. काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशींना त्या गोळ्यांच्या अंशाने अपाय होऊ शकतो.

उरलेल्या चांगल्या, धुतलेल्या साड्या ‘गूंज’सारख्या संस्थेला देता येतील. १९९९ पासून काम करणारी ही संस्था शहरांतले वापरण्याजोगे कपडे गावांपर्यंत पोहोचवते. बोहारणीलाही देता येतील. तिने साडी उन्हाकडे धरून विरलेली आहे का ते पाहिले आणि एका पातेल्यासाठी आणखी दोन साड्या मागितल्या, तर तो तिचा व्यवसाय आहे. पण आईची साडी अशी कोणी उन्हाकडे धरलेली आपल्याला या वर्षी बघवणार नसेल, तर बोहारणीला पुढच्या वर्षी बोलवावे.

प्रश्न (कोथरूड, पुणे): घर व्यवस्थित लावण्यासाठी बाजारात मिळणारे प्लॅस्टिकचे कप्पे, टोपल्या, ऑर्गनायझर घ्यावेत का?

उत्तर: निवडानिवड होईपर्यंत एकही घेऊ नये. नंतर लागलेच तर कपाटाच्या फळीची लांबी, खोली आणि उंची टेपने मोजून, कागदावर लिहून, मग बोहरी आळीत जावे. न मोजता आणलेला कप्पा फळीत बसत नाही आणि शेवटी तोही माळ्यावर जातो.

प्रश्न (रत्नागिरी): देवांच्या जुन्या तसबिरी, लक्ष्मीपूजनाची दरवर्षीची चित्रे, लग्नपत्रिकांवरचे गणपती आणि जुन्या केरसुण्या टाकवत नाहीत. पूर्वी आम्ही नदीत सोडत होतो. आता काय करावे?

उत्तर: नदीत सोडू नये आणि पिंपळाच्या पारावर नेऊन ठेवण्याचीही पद्धत थांबवावी. तिथे पावसात भिजत, पाय लागत पडलेल्या तसबिरी बघवत नाहीत. तसबीर उतरवून नमस्कार करावा आणि घरीच सुटी करावी. काच, लाकडी चौकट आणि मागचा पुठ्ठा वेगळे झाले की काच कागदात गुंडाळून, वर ‘काच’ असे लिहून सुक्या कचऱ्यात देता येते. चौकट चांगली असेल तर तिच्यात घरातलाच एखादा फोटो बसवता येतो. चित्राचा साधा कागद बादलीभर पाण्यात दोन दिवस भिजवला की त्याचा लगदा होतो आणि तो झाडाच्या बुंध्याशी मातीत मिसळता येतो. प्लॅस्टिकचा थर दिलेला किंवा चकचकीत सोनेरी छपाईचा कागद मात्र विरघळत नाही, तो सुक्या कचऱ्यातच द्यावा. पत्रिकेवरचा गणपती टाकवत नसेल तर तेवढाच भाग कापून घ्यावा आणि मुलांच्या चित्रवहीत चिकटवावा. पितळी, तांब्याच्या भंगलेल्या मूर्ती तांबटाकडे देऊन त्या धातूचे निरांजन किंवा पळी घडवून घेता येते.

केरसुणीचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. लक्ष्मीपूजनाला नवी पुजली की जुनी घरात उरते, आणि लक्ष्मी म्हणून ती फेकवत नाही. शिंदीच्या पानांची केरसुणी मातीत कुजते. तिचा दोरा किंवा तार सोडवून पाने परसात आळ्यात पसरावीत. त्याआधी एक वर्ष ती माळ्याची जळमटे काढायला लांब काठीला बांधून ठेवायला हरकत नाही, मात्र घरात अशी एकच असावी. आपल्या पत्रात आपण चार लिहिल्या आहेत.